डुलक्या कुणाचा

नवरा-बायको वेगळे झाले की भांडी वाटली जातात, पुस्तकं वाटली जातात आणि एकमेकांचे नातेवाईक न मागताच परत केले जातात. बाहुलीवाली आणि आवाजवाला यांचं हे सगळं वाटून झालं होतं. राहिला होता एकटा डुलक्या, आणि त्याच्यावरून दोघं असे हट्टाला पेटले होते की ऐकणाऱ्याला वाटावं, बंगल्याचा वाद आहे.

डुलक्या म्हणजे हातात मोज्यासारखी चढवायची बाहुली. लाकडी डोकं, निळा मळकट डगला, एका कानावर घसरलेली टोपी. राजवाड्याच्या दारावरचा हा म्हातारा पहारेकरी बोलता बोलता पेंगायचा, दचकून उठायचा आणि मी झोपलोच नव्हतो म्हणून राजाशी हुज्जत घालायचा. मुलं तर त्याला हसायचीच, पण मुलांना पोचवायला आलेले बापसुद्धा दारात उभे राहून हसायचे आणि कामाला उशीर करून घ्यायचे. आता बाहुल्यांच्या संग्रहालयानं त्याला काचेच्या कपाटात बसवायचं ठरवलं होतं. खाली पितळी पाटी आणि पाटीवर कलावंताचं नाव.

संचालिकाबाईंनी बिचाऱ्यांनी आधी सुचवलं होतं, दोघांचीही नावं घालू. त्यावर आवाजवाला म्हणाला, तिचं नाव घालाच, पण खाली बारीक अक्षरात, 'कपडेपट' म्हणून. बाहुलीवाली म्हणाली, त्याच्या नावाशेजारी माझं नाव असणार असेल तर पाटी कोरी ठेवा. शेवटी बाईंनी कपाळावर हात मारला आणि दोघांना आपापला पुरावा घेऊन बैठकीला बोलावलं.

बाहुलीवाली मुद्दाम लवकर आली. तिचा पुरावा म्हणजे एक डीव्हीडी. तिच्या मावसभावानं एका प्रयोगात पडद्यामागे एका कडेला बसून ते चित्रीकरण केलं होतं. समोरून काढलेल्या चित्रात फक्त डुलक्या दिसतो. याच्यात ती दिसत होती. जमिनीवर मांडी घालून बसलेली, उजवा हात डोक्याच्या वर ताणलेला, आणि त्या हाताच्या टोकाला डुलक्या. आज तिला तो हात खांद्याच्या वर नेताच येत नव्हता. सांधा कामातून गेला होता. वेणी घालायची तरी मान वाकवून घालावी लागे. म्हणजे 'बघा, मी करून दाखवते' म्हणायची सोय उरली नव्हती. जे काही होतं ते त्या डीव्हीडीत होतं.

तिला दाखवायचं होतं ते एवढंच. आवाजवाला पडद्याच्या कडेला माइकसमोर उभा राहायचा, काळा कोट घालून, अर्धा प्रेक्षकांना दिसेल असा. मुलाखतींत तो सांगायचा, 'मी बोलतो आणि डुलक्या हलतो.' त्याच्या थांबण्याचं तर लोकांना कोण कौतुक! डुलक्या उत्तर द्यायच्या आधी जो थांबायचा, त्या थांबण्यावर माणसं जीव टाकायची. आणि खरी गोष्ट अशी होती की तो थांबायचा, कारण तिचा हात अजून हललेला नसायचा. डुलक्याचं डोकं वर आलं की तो बोलायचा. त्याआधी नाही. कधी खोडी काढायची म्हणून ती हात जास्त वेळ तसाच ठेवायची, तेव्हा तोही बापडा तेवढाच वेळ गप्प राहायचा, फार झालं तर माइकपासून तोंड वळवून तिच्यावर हळूच खेकसायचा आणि टाळ्या घ्यायचा. हे तिला कितीतरी वर्षं माहीत होतं. तेव्हा ती बोलली नाही, कारण तेव्हा तो नवरा होता.

संग्रहालयाच्या व्याख्यानाच्या खोलीत खुर्च्या मांडलेल्या होत्या, प्रोजेक्टर छताला टांगलेला होता आणि भिंतीतल्या ज्या भोकात त्याची वायर घालायची, तिथे चिकटपट्टी लावलेली होती.

"ते गेलं, मॅडम," संग्रहालयाचा वायरमन म्हणाला. "कुणीतरी वायर उलटी कोंबली, आत पिन मोडली. हा डबा लावा. हा एक तुमच्या लॅपटॉपला, याचा जोडीदार वर प्रोजेक्टरला बसवलाय. चित्र हवेतून जातं."

"आणि आवाज?"

"आवाजाची वायर धडधाकट आहे. ती थेट स्पीकरला."

तिचा लॅपटॉप जुना होता, उचलताना पाटा उचलल्यासारखं वाटायचं. पण त्याला डीव्हीडीचा कप्पा होता आणि तो अजून कुरकुरत का होईना उघडायचा. तिनं डबा जोडला. भिंत निळी झाली, मग त्या निळ्यावर नुसता डोंगराचा फोटो आला आणि तिच्या पडद्यावर जे होतं ते भिंतीवर काही येईना. ही गंमत तिला घरी टीव्हीला जोडताना कळलेली होती. दोन्हीकडे एकच चित्र दाखवायचा पर्याय तिनं निवडला. भिंत आणि लॅपटॉप एकसारखे झाले. आवाजाची वायर खुपसली. ती खूश झाली आणि स्वतःशीच हसली.

एवढ्यात आवाजवाला आला. कोट तोच, पोट नवीन. मागे त्याची धाकटी बहीण, हातात डीव्हीड्यांची पिशवी, चेहरा असा, जणू भावाला कुणी कोर्टात खेचलंय.

"आलात का वहिनी आमच्याआधी?" नणंद म्हणाली. भावाचा संसार मोडला तरी तिच्या जिभेवरचं 'वहिनी' गेलं नव्हतं. फक्त आता ते ती शिवीसारखं उच्चारायची.

"हो वन्सं. मला कुणाच्या मागे यायची सवय सुटली आता."

आवाजवाल्यानं तिच्याकडे न बघता आपला लॅपटॉप टेबलावर ठेवला. नवाकोरा, पातळ, पापडासारखा. त्यानं तो उजवीकडून पाहिला, डावीकडून पाहिला, उलटा केला. नणंदेनं पिशवीतून डीव्हीडी काढून हातात धरली होती, ती तशीच धरलेली राहिली.

"याला भोक कुठंय?" नणंदेनं विचारलं.

"नव्यांना नसतं," वायरमन म्हणाला.

"इथे संग्रहालयात डीव्हीडीचं यंत्र असेल ना एखादं?"

"होतं. कपाटात ठेवलंय. प्रदर्शनात."

बाहुलीवालीला हसू आवरेना आणि तिनं ते आवरलंही नाही. संचालिकाबाई आणि समितीवरचे निवृत्त मुख्याध्यापक आत येऊन बसले, तेव्हा आवाजवाला नाकाचा शेंडा लाल करून तिच्या खुर्चीपाशी उभा होता.

"माझी डीव्हीडी तुझ्या लॅपटॉपवर लावावी लागेल," तो म्हणाला.

"'लावशील का' असं विचारतात, अरे."

नणंदेचा तिळपापड झाला. "वहिनी, दादाला अरे-तुरे? चारचौघांत?"

संसार मोडल्यावर बाहुलीवालीनं जी पहिली गोष्ट केली ती ही. घर बदलायच्या आधी तिनं 'अहो' सोडलं होतं. सुरुवातीला जीभ अडखळायची, पण आता अगदी सराईतपणे 'अरे' यायचं आणि दर वेळी तिला ताक प्यायल्यासारखं गार वाटायचं.

"लावशील का?" आवाजवाला दात आवळून म्हणाला.

"लावते की. माझ्यावाचून तुझं काही चालतं का कधी!"

तिनं त्याची डीव्हीडी कप्प्यात ठेवली. समोरून घेतलेलं चित्रीकरण होतं. भिंतीवर राजवाड्याचं दार आलं, डुलक्या आला, राजाचा आवाज गरजला आणि डुलक्या म्हणाला, 'मी झोपलो नव्हतो महाराज, मी पापण्यांच्या आतून बघत होतो.' मुख्याध्यापक मांडीवर थाप मारून हसले. त्यांच्या शाळेत म्हणे डुलक्याचे प्रयोग झाले होते.

"काय ते थांबणं!" ते म्हणाले. "आणि आवाज निघाला रे निघाला की बाहुली कशी जिवंत होते, पाहिलंत? आधी शब्द, मग ते डोकं वर!"

आवाजवाल्यानं मान लववली. बाहुलीवालीला काहीतरी खटकलं. डोकं आधी वर यायला हवं होतं. भिंतीवर ते नंतर आलं होतं. तिला वाटलं, आपण घाबरलोय, आपलं लक्ष नाही. तिनं त्याची डीव्हीडी काढून नणंदेच्या हातात दिली आणि आपली घातली.

भिंतीवर आता पडद्यामागची बाजू आली. संचालिकाबाई पुढे सरकून बसल्या. जमिनीवर बसलेली तरुण बाहुलीवाली, घामानं कपाळाला चिकटलेले केस, वर ताणलेला दंड. तिला स्वतःला तो दंड बघून गलबलून आलं. किती सहज वर गेलाय, तिला वाटलं. राजाचा आवाज आला, 'दार उघडं कुणी ठेवलं?' मग शांतता. मग स्पीकरमधून डुलक्याचा घोगरा आवाज, 'वाऱ्यानं, महाराज.' आणि त्यानंतर भिंतीवर तिचं मनगट वळलं.

त्यानंतर!

तिनं झटकन खाली लॅपटॉपकडे पाहिलं. पुढचा प्रश्न आला. लॅपटॉपवर मनगट वळलं, मग आवाज आला, आणि मग तेच मनगट भिंतीवर वळलं. पुन्हा पाहिलं. पुन्हा तसंच. तेव्हा तिच्या लक्षात आलं. आवाज वायरीतून सरळ जात होता. चित्र मात्र डब्यातून हवेत, हवेतून डब्यात, असं फिरत फिरत अर्ध्या श्वासानं उशिरा पोचत होतं. तेवढ्या अर्ध्या श्वासात तिचं सगळं आयुष्य उलटं झालं होतं. भिंतीवरची बाई हुकमाच्या ताबेदारासारखी आवाजामागून हात हलवत होती.

"थांबा," ती म्हणाली. "हे चुकीचं दिसतंय. चित्र मागे पडतंय. तुम्ही इथे या, लॅपटॉपवर बघा."

"आता या वयात आम्ही सगळे त्या एवढ्याशा पडद्यावर डोकी घालायची का?" मुख्याध्यापक म्हणाले. "भिंतीवर स्वच्छ दिसतंय. शब्द येतो, हात हलतो. मेहनत आहे हो बाई तुमची, ती कुणी नाकारत नाही."

"मेहनत!" नणंद म्हणाली. "आम्ही तेच सांगतोय कधीपासून. हमाल पण मेहनत करतो."

बाहुलीवालीच्या कानशिलांत रक्त चढलं. "बाई, तुम्ही तरी बघा. यंत्राची चूक आहे, माझी नाही."

संचालिकाबाईंना भांडण नको होतं. त्या अर्धवट उठल्या, खुर्च्यांच्या रांगेत अडकल्या आणि त्यांनी सोपा मार्ग काढला. "तुम्ही जवळ उभे आहात," त्या आवाजवाल्याला म्हणाल्या, "तुम्हीच सांगा. तिथे वेगळं दिसतंय का?"

आवाजवाला तिच्या खुर्चीमागून वाकला. त्याच्या कोटाला तोच जुना कापराचा वास येत होता. तिनं चित्र मागे नेऊन पुन्हा सुरू केलं. माइकपासून त्याला कायम कडेनं फक्त डुलक्या दिसलेला. पडद्याखालचा हा हात तो पहिल्यांदाच बघत होता. मनगट वळलं, मग त्याचा आवाज आला. पुन्हा मनगट, मग आवाज. त्याचा श्वास तिच्या कानाजवळ थबकला. कान हेच ज्याचं भांडवल, त्याला हे कळलं नाही असं होणं शक्य नव्हतं. त्याला कळलं. तिला ते त्याच्या श्वासावरून समजलं, इतकी वर्षं एकाच पडद्याच्या आडोशाला काढली होती दोघांनी.

तो सरळ उभा राहिला. कोट खाली ओढून नीट केला.

"इथेही तेच आहे," तो म्हणाला.

संसारात तो अनेकदा खोटं बोलला होता आणि तिनं त्यातलं बरंचसं गिळलं होतं. पण हे ऐकून तिला जो संताप आला तसा लग्न मोडताना सुद्धा आला नव्हता. तेव्हा निदान दोघांच्या बाजू होत्या. आता तो डोळ्यांनी बघून, तिच्या डोक्यावर उभा राहून, तिचा हात तिच्याकडून काढून घेत होता. तिला उठून त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. तेवढा हात अजून वर जात होता.

तिनं थोबाडीत दिली नाही. तिनं लॅपटॉपच्या बाजूची आवाजाची वायर उपटली आणि लॅपटॉपचा स्वतःचा आवाजही बंद केला. खोली एकदम मुकी झाली. भिंतीवर डुलक्या नुसताच डुलत होता.

"ठीक आहे," ती म्हणाली. "तू बोलतोस आणि तो हलतो ना? मग बोल. हाच प्रवेश. शब्द पाठ आहेत तुला."

"हा काय पोरखेळ?" आवाजवाला म्हणाला.

"दादा, तू मुळीच ऐकू नकोस तिचं," नणंद म्हणाली.

पण मुख्याध्यापक खुर्चीत लहान मुलासारखे सरसावून बसले होते. "अहो, होऊन जाऊ द्या! प्रत्यक्ष डुलक्या ऐकायला मिळतोय, नाही कशाला म्हणता? आमच्या शाळेत केला होतात तसाच!" आणि त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

टाळी ऐकून मागे हटेल तो आवाजवाला कसला! त्यानं घसा खाकरला. कोटाचं बटण लावलं. भिंतीसमोर कडेला जाऊन उभा राहिला, अगदी पूर्वी माइकसमोर राहायचा तसा, थोडा तिरका. बाहुलीवालीनं प्रवेश पहिल्यापासून सुरू केला.

"पहारेकरी!" राजा गरजला. राजाचा आवाजही आवाजवालाच काढायचा आणि तो झकास होता. राजाला बाहुली नव्हती, तो नुसता पडद्याआडून बोलायचा, म्हणून तिथे आवाजवाला कुणासाठी अडला नाही. "काल रात्री इथून कोण गेलं?"

मग तो गप्प झाला. भिंतीवर डुलक्याची मान छातीवर पडलेली होती. आवाजवाल्याची नजर तिथे खिळली. मान हळूहळू वर आली, टोपी घसरली, आणि मग तो घोगरा आवाज आला, "कोणी नाही महाराज. फक्त दोन चोर."

मुख्याध्यापक हसले, पण जरा उशिरा. ते भिंतीकडे बघत होते, मग आवाजवाल्याकडे, मग पुन्हा भिंतीकडे. संचालिकाबाईंनी चष्मा पुसून पुन्हा घातला.

"आणि तू काय करत होतास?" राजा कडाडला.

पुन्हा शांतता. डुलक्याचा हात गालावर गेला. हात गेला तसा आवाज निघाला. "मोजत होतो, महाराज."

हे असं आणखी एकदा झालं, आणखी दोनदा झालं. राजाची वाक्यं घोड्यासारखी धावत होती आणि डुलक्याच्या वेळी आवाजवाला भिंतीवरची हालचाल होईपर्यंत थांबत होता. त्याला स्वतःला ते कळत नसावं. तो रंगला होता. कितीतरी दिवसांनी कुणीतरी ऐकत होतं, त्याचे गाल तुकतुकीत झाले होते. बाहुलीवालीला क्षणभर त्याची दया आली. मग 'इथेही तेच आहे' आठवलं, आणि दया गेली.

"मग चोर गेले कुठून?" राजानं विचारलं.

डुलक्याची मान खाली जाऊ लागली. हेच ते थांबणं, ज्याच्यावर माणसं जीव टाकायची. मान खाली, आणखी खाली, हनुवटी डगल्याला टेकली. बाहुलीवालीनं बोटानं लॅपटॉपचं बटण दाबलं. चित्र थांबलं. डुलक्या तसाही निश्चल बसायचा, त्यामुळे भिंतीकडे बघून कुणाला काही समजण्याजोगं नव्हतं.

आवाजवाला थांबला. ओठ उघडलेले, छातीत श्वास भरलेला. ते वाक्य त्यानं किती वेळा म्हटलं असेल याची गणती नव्हती, झोपेत उठवलं तरी त्यानं ते म्हटलं असतं. मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावर हसू तयार होऊन बसलं होतं. ते तसंच राहिलं आणि मग हळूहळू विरलं. एक खुर्ची कुरकुरली. वायरमन वर प्रोजेक्टरकडे बघू लागला.

"दादा," नणंद कुजबुजली. "बोल की. 'माझ्याच परवानगीनं' असं आहे ना ते?"

त्यानं तिला हातानं गप्प केलं. नजर भिंतीवरून हलली नाही. कपाळावर घाम आला होता. त्यानं मान किंचित तिरकी केली, आवाज खाली आणला आणि पूर्वी माइकपासून तोंड वळवून पडद्यामागे म्हणायचा त्याच सुरात, त्याच चिडक्या घाईत म्हणाला,

"हलव ना गं! थांबलीस काय?"

लहानशी खोली होती. सगळ्यांना ऐकू गेलं.

नणंदेनं डोळे मिटले. आवाजवाला वळला आणि त्याला बाहुलीवाली दिसली, लॅपटॉपसमोर बसलेली, बोट बटणावर. त्याचं तोंड अजून उघडंच होतं. तिला आनंद झाला. भरपूर झाला. तो तिनं लपवला नाही आणि त्यासाठी तिला पुढेही कधी वाईट वाटलं नाही.

"हलवू का, अरे?" तिनं विचारलं.

संचालिकाबाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि समोरचा कागद ओढून घेतला.

"बाई," त्या बाहुलीवालीला म्हणाल्या, "पाटीवर तुमचं नाव कसं लिहायचं, तेवढं नीट सांगा."

तिनं सांगितलं. नाव, मग माहेरचं आडनाव. एकेक अक्षर सावकाश, बाईंचं लिहून होईपर्यंत. तोवर आवाजवाला भिंतीपाशी तसाच उभा होता, आणि तिनं बटणावरचं बोट काढलं नव्हतं.